गुत्तं म्हणजे मजुरी नव्हे

आमच्या गावात ‘मजूर’ हा शब्द कुणी स्वतःसाठी वापरत नाही. ज्याच्या नावावर एखादा तुकडा का होईना जमीन आहे, तो दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेला तरी ‘हातभार लावाले गेलतो’ म्हणतो. कापूस वेचायला गेलेली बाई ‘घरी बसून काय करू, म्हनून गेली’ असं सांगते. आणि टेकडीवरच्या क्रशरवर जे जातात ते सांगतात, ‘आमचं गुत्तं हाये.’ गुत्तं म्हणजे ठरवून घेतलेलं काम. एवढी गिट्टी भरून द्यायची, एवढी चुरी उपसायची, त्याचे ठरलेले पैसे. दिवसाच्या हिशोबानं नाही, कामाच्या हिशोबानं. त्यात मान असतो. गुत्तेवाल्याला मालकाचा माणूस ‘ए, इकडे ये’ म्हणत नाही, असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात म्हणतो.

माझ्या मोठ्या आईच्या छातीचा प्रश्न या एका शब्दावर येऊन अडला होता. तो मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहायला बसले की अजून वाटतं, मागून कुणीतरी वाचतंय आणि हसतंय.

मोठी आई म्हणजे माझ्या वडलांच्या मोठ्या भावाची, मोठ्या बाबांची बायको. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे मी तिच्याच अंगणात जास्त वाढले. देऊळगाव राजाच्या कॉलेजात माझं नाव घातलं तेव्हा पहिल्या दिवशी ती फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आली, बस थांबवली आणि कंडक्टरला म्हणाली, “भाऊ, हे आमची पोरगी कॉलेजात चालली. हिले बसाले जागा द्या.” बस खच्चून भरलेली होती. सगळे हसले. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. पण एका म्हाताऱ्यानं खरंच जागा दिली.

आमचं वावर टेकडीच्या पायथ्याशी आहे. बीटी कापूस आमच्याकडे आला तेव्हा मी लहान होते. त्या पिशवीत मोठ्या बियाण्याबरोबर एक छोटी पुडी यायची, साध्या कपाशीच्या बियांची. ती बांधाच्या कडेनं लावा, असं वर लिहिलेलं असायचं, म्हणजे अळीला खायला तिचं तिचं काही राहील आणि ती बीटीला सरावणार नाही. आमच्याकडे ती पुडी कुणीच लावली नाही. लहान मुलांना खेळायला द्यायचे. मी त्या बियांनी चिंचोके खेळल्यासारखी खेळले आहे. पिशवीत पुडी आहे म्हणजे नियम पाळला गेला, असं कंपनीलाही वाटत असावं आणि दुकानदारालाही.

पुढं टेकडीवर क्रशर आला. कापूस फुटायच्या दिवसांत वरून धूळ उतरायची आणि पांढरी बोंडं राखाडी व्हायची. बाजारात व्यापाऱ्यानं मोठ्या बाबांच्या गाडीतला कापूस बोटात धरला, चोळला आणि विचारलं, “भाऊ, कापूस आनला का सिमिट?” सगळ्या आवारात हशा पिकला. मोठे बाबा पण हसले. ती त्यांची सवय आहे, अपमान झाला की ते सगळ्यांच्या आधी हसतात. आणि मग गुलाबी अळीचं ते वर्ष आलं. बोंड बाहेरून भरलेलं, आणि आत सरकी पोखरून बसलेली अळी. त्या वर्षी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मेंढरं सोडली आणि मोठ्या आईनं क्रशरवर गुत्तं घेतलं. म्हणजे ज्या धुळीनं कापूस नासवला, तीच धूळ उपसायला ती गेली.

तिचं काम पट्ट्याखाली असायचं. दगड भरडला की गिट्टी पुढं जाते आणि खाली चुरी पडत राहते, गव्हाच्या पिठासारखी बारीक. ती साचू द्यायची नाही, फावड्यानं ओढायची, घमेल्यानं बाहेर टाकायची. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. शेजारची लेकरं विचारायची, “मोठी आई, गिरनीत गेल्ती का?” तीही म्हणायची, “हाव, तुह्या मायचं दळन आनलं.” पहिलं वर्ष असं हसण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी सकाळचा खोकला लागला. मग तो दिवसभर राहू लागला. ती अंगणाच्या कोपऱ्यात थुंकायची आणि त्यावर पायानं माती ओढायची, पण मी पाहिलं होतं. सिमेंट कालवल्यावर जो रंग येतो तसला बेडका. हे लिहिताना किळस येते, आणि किळस आली याचीही लाज वाटते, कारण ते तिच्या आतून आलेलं होतं. गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली, बाटली दिली आणि सांगितलं, जालन्याला जाऊन छातीचा फोटो काढा. ती म्हणाली, “फोटोत काय दिसनार हाये? आत गिट्टी दिसन.”

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. मोठा रस्ता होत होता आणि त्याला आमच्या टेकडीची गिट्टी जात होती. रस्त्याला कर्ज देणारे लोक बाहेरचे होते. त्यांची अट होती की दगड कुठून येतो, कोण फोडतं, कुणावर जबरदस्ती आहे का, लेकरं कामाला आहेत का, हे सगळं तपासल्याशिवाय गिट्टी घ्यायची नाही. तपासणी करायला पुण्याहून माणसं येणार होती आणि त्यांना इथली बोली समजणारं कुणी हवं होतं. सर म्हणाले, “ते विचारतील ते विचारायचं. लोक बोलतील ते सांगायचं. मधे आपलं काही घालायचं नाही.” मी मान हलवली. मला फार आनंद झाला होता. माझी बोली कुणाला हवी आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी कॉलेजात मी ‘मले’ म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मले, तुले’ करून चिडवायचं.

आलेल्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी मला आधी बसवून समजावून सांगितलं. जिथं कामगार आहेत तिथं कंपनीनं मास्क द्यायचे, पट्ट्यावर पाण्याचे फवारे लावायचे आणि वर्षातून एकदा डॉक्टर आणून छाती तपासायची. खर्च कंपनीचा. नाही केलं तर त्या खदानीची गिट्टी बंद. मॅडम हे चांगल्या मनानं सांगत होत्या, याबद्दल मला आजही शंका नाही. मी मात्र त्या बोलत असताना एकच गोष्ट ऐकत होते. मोठ्या आईचा फोटो. जालन्याला न जाता, आपल्या खिशातून काही न देता, टेकडीवरच.

तपासणीच्या दिवशी टेकडी ओळखू येत नव्हती. सकाळीच टँकरनं पाणी मारलेलं होतं, पाऊस पडून गेल्यासारखी जमीन काळी झाली होती. पट्टा बंद होता. बायांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या होत्या, त्यांवर दुकानातल्या भावाच्या चिठ्ठ्या अजून तशाच चिकटलेल्या. तोंडावर नवे मास्क. मुनशी, म्हणजे मालकाच्या वतीनं सगळं पाहणारा माणूस, शाल आणि नारळ घेऊन उभा होता. मॅडम “अहो, कशाला, कशाला” म्हणाल्या आणि शालीसाठी मान खाली केली. जो तपासायला आलाय त्याला आधी शाल घालायची, ही आपल्याकडची रीत. एकदा ती खांद्यावर पडली की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुणा घरातली चूल तपासत नाही. मलाही एक गुच्छ मिळाला. तो कुठं ठेवावा हे कळेना, म्हणून दिवसभर हातात धरून फिरले. दुपारपर्यंत फुलांवर धुळीचा थर बसला होता.

बायांना एका झाडाखाली बसवलं. मुनशी लांब उभा राहिला, पण ऐकू येईल इतकाच लांब. मॅडमनी सगळ्यात पुढं बसलेल्या बाईला विचारलं. ती मोठी आईच होती. ती कुठंही पुढंच बसते.

“काकू, तुम्ही इथे मजूर म्हणून काम करता ना?”

मोठ्या आईनं मास्क हनुवटीखाली ओढला. ती मिसरी लावते, मास्कच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग पडलेला मला दिसला.

“मजूर?” ती म्हणाली. “मजूर कोन? वावर हाये बाई आमचं. मजूर-बिजूर नाही आमी. मी इथं गुत्तं घेतलं.”

“कुणी जबरदस्ती करतं का तुमच्यावर?”

“माह्यावर?” ती बाकीच्या बायांकडे पाहून हसली. “माह्या नवऱ्याले हिंमत नाही झाली अजून. मी माह्या मनानं येते अन् माह्या मनानं जाते.”

बाया खळखळून हसल्या. मॅडमही हसल्या. “किती गोड बोलतात गं या!” त्या मला म्हणाल्या आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी टाइप करू लागल्या. लांबून मुनशी म्हणाला, “सांगत व्हतो ना मॅडम, आपल्याकडं मजूर नाहीच. सगळे गुत्तेदार. मालकच म्हना ना.”

बाकीच्या बायांनीही तेच सांगितलं. आमचं गुत्तं, आमचं गुत्तं. पुण्याच्या बाईसमोर कोण म्हणेल मी मजूर आहे?

सरांनी बजावलेलं मला आठवत होतं, तरी मी हळूच म्हटलं, “मॅडम, गुत्तं म्हणजे मजुरीच असते. फक्त नाव वेगळं आहे. इथं लोकांना ‘मजूर’ हा शब्द लागतो.”

मॅडमनी बोटं थांबवली. त्या रागावल्या नाहीत. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “त्या स्वतः सांगताहेत, स्पष्ट सांगताहेत. त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणं मला बरोबर वाटत नाही. त्यांचा मान आपण ठेवायला हवा.”

मान तर मोठी आईही राखत होती. दोघी एकाच शब्दाला धरून बसल्या होत्या, आणि तो शब्द मुनशीच्या फायद्याचा होता.

निघताना मुनशी ओरडला, “चला, मास्क जमा करा. टोप्या जमा करा.” बायांनी तोंडावरचे मास्क काढले, ओले, थुंकी आणि घाम लागलेले, आणि एका पोत्यात टाकले. पोतं आमच्याच जीपच्या मागं आणून ठेवलं. जीप चालवणारे चाचा लोणारचे होते. मी पोत्याकडे पाहत राहिले तर ते म्हणाले, “क्या देखते बेटी? कायद्याचं पोतं हाये ते. उद्या बीबी गावाकडच्या खदानीत पोचवायचं. मालक तोच ना. आपल्याआधी कायदा पोचला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी त्या खदानीत तीच टँकरची ओल होती, त्याच पिवळ्या टोप्या, तीच शाल-नारळाची तयारी. एका बाईनं मास्क तोंडाला लावला आणि लगेच लांब धरला.

“याले मिसरीचा वास येते वं बाई!”

“फुकट भेटून राह्यली, घे लावून,” दुसरी म्हणाली आणि पाचसात जणी हसल्या. त्या बाईनंही हसून तो परत तोंडाला लावला.

तिच्या मास्कच्या आत तपकिरी डाग होता. तो मोठ्या आईचाच होता असं शपथेवर सांगता येणार नाही, मिसरी खूप जणी लावतात. पण पोतं तेच होतं. जिच्या छातीतून ते राखाडी निघत होतं तिच्या तोंडावरचं फडकं न धुता आता दुसरीच्या तोंडावर बसलं होतं, आणि ते फडकं म्हणजे या दुसऱ्या बाईच्या संरक्षणाचा पुरावा होता. मी मॅडमना बाजूला बोलावून सगळं सांगितलं. पोतं, जीप, डाग, सगळं. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं आणि लॅपटॉप उघडला.

“साधनं उपलब्ध आहेत,” त्या म्हणाल्या. “स्वच्छतेबद्दल आपण एक सूचना टाकू.”

दुपारी मुनशीनं सगळ्यांसाठी जेवण मागवलं होतं, वर काजू घातलेली भाजी. मी ताट तसंच ठेवलं. चाचा एकटेच जीपमध्ये बसून स्वतःचा डबा खात होते. मी जाऊन मागच्या सीटवर बसले. त्यांनी अर्धी भाकरी मागं केली.

संध्याकाळी घरी गेले तर मोठी आई तोंड फुगवून बसलेली. आदल्या दिवशी मी मॅडमच्या कानाशी काय बोलले, ते तिनं ऐकलं होतं.

“काऊन वं? चार मानसांत मले मजूर म्हनते? कॉलेजात हेच शिकोते काय?”

“मोठी आई, मजूर लिहिलं असतं तर डॉक्टर आला असता. तुह्या छातीचा फोटो निघाला असता. फुकट.”

ती म्हणाली, “अन् गुत्तं लिवलं त?”

“त तू मालकीण. तुही धूळ तुही.”

ती हसायला लागली. “आवं ऐका हो,” तिनं मोठ्या बाबांना हाक मारली, “मी मालकीन झाली! मालकीनबाईले पानी आना!” मोठे बाबा खरंच तांब्या घेऊन आले. तोवर हसण्याचा खोकला झाला होता. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि पाणी तिच्या हातून सांडलं. खोकला थांबल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, पदर उलगडून पाहिला आणि दुमडून टाकला.

तिसरा दिवस शेवटचा. क्रशरच्या पत्र्याच्या ऑफिसात मॅडम, मुनशी आणि मी बसलो होतो. चहा आला होता. दारात मोठी आई येऊन उभी राहिली. भुवया पांढऱ्या होत्या. तपासणी संपली म्हणून पट्टा सकाळपासून सुरू झाला होता.

“बाई,” ती म्हणाली, “परवा मी चुकीचं बोलली. मी मजूर हाये. लिवा.”

मुनशीनं कप खाली ठेवला. “मावशी, परवा त गुत्तं म्हनत होत्या. वावर हाये म्हनत होत्या.”

“परवा लाज येऊन राह्यली होती. आज खोकला येऊन राह्यला.”

त्या ऑफिसात मी पाहिलेली सगळ्यात अवघड गोष्ट तीच. तिला तो शब्द उच्चारताना त्रास झाला हे मला तिच्या जबड्यावरून कळत होतं. मॅडमनाही ते दिसलं असावं. त्या उठल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “काकू, मुख्य भाग पूर्ण झालाय. पण मी शेरा नक्की टाकते.” त्यांनी माझ्यासमोर टाकला. ‘एका महिलेने आपण कामगार असल्याचे सांगितले. ही बाब पडताळावी.’ मी तो वाचून मोठ्या आईला सांगितला. तिनं विचारलं, “पडताळावी म्हंजे?” मी म्हटलं, “खरं हाये का ते पाहतील.” ती समाधानानं परत पट्ट्याखाली गेली.

ती बाब पडताळली गेली. खदान पास झाली, हे आम्हाला फाटकावर लागलेल्या नव्या पाटीवरून कळलं. पाटीवर हिरवं पान काढलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं की इथला दगड जबाबदारीनं काढलेला आहे. त्याच आठवड्यात मुनशीनं मोठ्या आईला फाटकावरच थांबवलं. मला हे तिनंच सांगितलं, त्याची नक्कल करत. “मावशी, कागदात लिवेल हाये, इथं एकही मजूर नाही. तुमी म्हनता मी मजूर. मंग तुमी इथल्या कशा?” तिचं गुत्तं शेजारच्या घरातल्या सुनेला दिलं. ती पोरगी माझ्याच वयाची आहे. आता तिच्या भुवया पांढऱ्या होतात.

मी सरांकडे गेले. सर वाईट वाटून म्हणाले, “तू तुझं काम नीट केलंस.” मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्या जिल्ह्यात होत्या, त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळेला हा मुद्दा घेऊ म्हणाल्या. त्या फोननंतर मला ती बियांची पुडी आठवली. पिशवीत असते, कुणी लावत नाही, पण ती आहे म्हणून पिशवी विकता येते. मी तशीच एक पुडी होते. माझ्याशिवाय ती तपासणी पूर्ण झाली नसती. त्या कामाबद्दल मला एक प्रमाणपत्र मिळालं, त्यावरही ते हिरवं पान आहे. ते मी कुठंच लावलेलं नाही आणि फाडूनही टाकलेलं नाही.

सुगी सरल्यावर मी मोठ्या आईला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. देऊळगाव राजाहून बस घेतली. यावेळी तिला बसायला जागा मी मागितली. दवाखान्यात खिडकीमागच्या पोरानं नाव, गाव, वय विचारलं. मग न पाहताच म्हणाला, “काम काय करता मावशी?”

मी तोंड उघडलं. मोठ्या आईनं हात आडवा केला.

“मजूर. गिट्टीच्या मशिनीवर.”

त्यानं खरडलं. मला काचेतून उलटं दिसत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. “काय लिवलं?”

“घरकाम,” मी म्हटलं.

तिनं खिडकीच्या लाकडावर थाप मारली. मागची रांग दचकली. “ए बाबू, घरकाम काऊन लिवलं? मी काय म्हनली तुले?”

“मावशी, काय फरक पडतोय? बायांचं तेच लिहितात.”

“पडते फरक. घरात दगड भरडत नाहीत. खोड ते. मजूर लिव.”

“लई झालं आता, मागं लोक हायेत...”

“लोकाईले थांबू दे. मी एक गुत्तं सोडून आली यापायी. लिव.”

रांगेतला एक माणूस म्हणाला, “लिहा ना साहेब, मावशी सांगायल्या तर.” पोरानं वैतागून आधीचं खोडलं आणि वर लिहिलं. ‘मजुर’, जु ऱ्हस्व. चूक माझ्या लगेच लक्षात आली. मी ती तशीच राहू दिली.

“वाच,” मोठी आई म्हणाली.

मी वाचलं. तिनं कागद घेतला, घडी न करता हातात सरळ धरला आणि लांबच लांब व्हरांड्यातून पुढं चालू लागली. मधेच खोकला आला तशी थांबली, खांबाला टेकली आणि मागं वळून मला म्हणाली, “चाल ना वं, उभी काऊन राह्यली? मजुरनीचा फोटो काहाडून घेऊ.”